कौलारू घराच्या पन्हळीवर दिव्यांची माळ कशी लावावी? (शिवाजी पेठ, कोल्हापूर)

कौलारू
२७ सप्टेंबर, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. बाप्पाचं विसर्जन झालं, आता घरात नवरात्राची आवराआवर सुरू आहे. आमचं घर शिवाजी पेठेत, माडीचं, वर मंगलोरी कौलं. रस्त्याच्या बाजूला वळचणीला पत्र्याची पन्हळ आहे, लांबी ३२ फूट, जमिनीपासून साधारण १४ फूट उंच. त्या पन्हळीच्या कडेनं दिव्यांची एक सरळ, नीट माळ लावायची आहे. यंदा अधिक महिना झाल्यामुळे घटस्थापना ११ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन थेट ८ नोव्हेंबरला आलंय. घटस्थापनेपासून त्रिपुरारी पौर्णिमेपर्यंत दिवे राहावेत अशी आईची इच्छा आहे.

गेल्या वर्षी हे काम बाहेरच्या माणसाला दिलं होतं. त्यानं आम्हाला न विचारता पन्हळीला ड्रिलनं भोकं पाडली आणि तारेनं माळ आवळून टाकली. या पावसाळ्यात त्या भोकांतून पाणी थेट भिंतीवर आलं. मातीची भिंत आहे, आतून पोपडे सुटलेत. त्यामुळे यंदा जे करायचं ते समजून घेऊन करायचं ठरवलंय.

पन्हळीला धक्का न लावता माळ कशी अडकवायची? कोणती माळ घ्यायची? आणि घरात दोन लहान मुलं आहेत, पन्हळीचा खाली येणारा पाइप अंगणातच उतरतो, तेव्हा करंटची भीती किती धरायची?

उद्यमनगरी
२७ सप्टेंबर, रात्री १०.०५

दादा, आधी ती भोकं बुजवा, माळेचं नंतर बघू. पत्र्याची पन्हळ टिकते ती वरच्या जस्ताच्या थरामुळे. ड्रिल मारलं की भोकाच्या कडेला उघडं लोखंड राहतं आणि तिथूनच गंज आत सरकतो. भोकाच्या आजूबाजूचा गंज पॉलिश पेपरनं घासून काढा, झिंकचा रंग लावा, पॉप रिव्हेट (भोकात दाबून बसवायचा धातूचा खिळा) मारा आणि वरून सिलिकॉन भरा. सिलिकॉन घेताना नळीवर ‘न्यूट्रल’ लिहिलेलं बघून घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्तातलं सिलिकॉन जस्ताच्या पत्र्याला खातं. दुकानदार हातात तेच देतो, कारण काचेच्या कामाला तेच जास्त खपतं.

आता अडकवायचं कसं. परदेशात पन्हळीच्या कडेवर बसवायच्या प्लॅस्टिकच्या क्लिपा मिळतात, ऑनलाइन आपल्याकडेही मागवता येतात. पण त्यांच्या पन्हळीची कड वेगळी. आपल्याकडे पत्रा वाकवणारे बाहेरची कड गोल दुमडतात, त्यावर ती क्लिप घट्ट बसत नाही. त्यापेक्षा स्टीलच्या तारेचे हुक वाकवून घ्या. वरचं टोक कडेच्या दुमडीवर चढेल असं, खालचं टोक डुकराच्या शेपटीसारखं दीड वेढ्याचं, म्हणजे वारा सुटला तरी माळ निसटत नाही. तार दोन मिलिमीटरच्या आसपासची असू द्या. पक्कड आणि लाकडाचा ठोकळा असला की घरीच होतं. हुकावर पीव्हीसीची स्लीव्ह चढवा, म्हणजे पत्र्याचं जस्त खरवडत नाही आणि वायरही घासत नाही.

दीड फुटाला एक हुक धरला तर ३२ फुटांना बावीस हुक लागतील.

तांब्याची उघडी तार मात्र बांधायला अजिबात वापरू नका. वायर सोलून निघालेलं तांबं बरेच जण बांधायला घेतात. पावसाचं पाणी तांब्यावरून जस्तावर उतरलं की तेवढ्या जागेतलं जस्त झपाट्यानं संपतं.

रंकाळाकाठी
२७ सप्टेंबर, रात्री १०.३०

काळे केबल टाय वापरले तर? आमच्याकडे बाल्कनीच्या ग्रिलला तेच लावलेत.

उद्यमनगरी
२७ सप्टेंबर, रात्री १०.४२

ग्रिलला चालतात, कारण टाय गजाभोवती फिरतो. पन्हळीला तो फिरवायचा तर अख्ख्या पन्हळीभोवती फिरवावा लागेल आणि मग आतल्या बाजूला पानं, काड्या अडकतात. पन्हळीच्या आत काहीही आडवं येता कामा नये, वायर तर नाहीच. माळ बाहेरच्या कडेला आणि कडेच्या खालीच लोंबली पाहिजे. हुकाला माळ पक्की करायला छोटा टाय जरूर लावा, काळाच घ्या. पांढरा उन्हात कडक होऊन तुटतो.

बावड्याचा वायरमन
२८ सप्टेंबर, सकाळी ७.२०

मी कसबा बावड्यात राहतो, वायरिंगचीच कामं करतोय. तुमचा तिसरा प्रश्न खरं तर पहिला पाहिजे होता.

पत्र्याची पन्हळ आणि लोखंडी पाइप म्हणजे ३२ फुटांची एकसंध उघडी वायर. माळेच्या वायरचं इन्सुलेशन एका जागी जरी सोललं आणि तिथं पत्रा टेकला, की करंट सगळ्या पन्हळीत उतरतो आणि पाइपातून अंगणात येतो. पाऊस असेल तर भिंतही ओली. मुलगं खेळता खेळता पाइपाला हात लावणार.

म्हणून पन्हळीवर २३० व्होल्टची माळ लावूच नका. बाजारात ज्या स्वस्त एलईडी माळा येतात, त्यांच्या प्लगला एक छोटी डबी असते, बटण दाबलं की दिवे वेगवेगळ्या तऱ्हेनं उघडझाप करतात. लोकांना वाटतं ती डबी म्हणजे अडॅप्टर, पुढं करंट कमी होऊन जातो. तसं नसतं. त्या डबीत फक्त दिवे चालू-बंद करायचं सर्किट असतं, घरचा मेन सप्लाय जसाच्या तसा माळेत जातो. एकेक एलईडी तीन व्होल्टचा असला तरी ते सिरीजमध्ये, म्हणजे एकामागं एक ओवलेले असतात, वायरीत पूर्ण २३० खेळत असतं.

घ्यायची ती अडॅप्टरची माळ. अडॅप्टरच्या लेबलवर ‘आउटपुट’ समोर डीसी २४ व्होल्ट, ३१ व्होल्ट किंवा १२ व्होल्ट असं छापलेलं असतं. ते वाचून घ्या. अडॅप्टर घराच्या आत राहील, बाहेर जाईल ती फक्त कमी व्होल्टची वायर. त्यात माळ कुठं सोलली तरी पन्हळीत जीव घेणारा करंट येत नाही.

दुसरं म्हणजे घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की सप्लाय तोडणारा खटका, आहे का ते बघा. पेठेतल्या जुन्या घरांत नुसता एमसीबी असतो किंवा अजून किटकॅट फ्यूज असतात. एमसीबी शॉर्ट झालं किंवा लोड वाढला तर पडतो, माणसाला शॉक बसला तर पडत नाही. माणसाच्या अंगातून जाणारा करंट त्याच्या हिशेबात येतच नाही. तिथं आरसीसीबीच लागतो. त्यावर ‘टेस्ट’ बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून खटका पडतो का बघायचं. पडला नाही तर तो बदलायचा. अर्थिंग तपासून घ्या ते वेगळंच.

टाकाळ्याची काकी
२८ सप्टेंबर, सकाळी ११.१५

वायरमन दादा, आयपी ४४, आयपी ६५ असं खोक्यावर लिहिलेलं असतं, त्यातलं कुठलं पाहायचं? माझ्या सुनेनं आणलेल्या माळेवर आयपी २० आहे.

बावड्याचा वायरमन
२८ सप्टेंबर, दुपारी १.३०

काकी, आयपी २० घरातल्या देव्हाऱ्यापुरती, बाहेर नको. दुसरा आकडा पाण्याचा असतो. ४ म्हणजे चारी बाजूंनी पाणी उडालं तरी चालतं, ५ म्हणजे पाण्याचा फवारा मारला तरी चालतं. वळचणीखाली ४४ भागतं, पण पन्हळ भरून वाहिली तर पागोळ्या थेट माळेवर येतात, म्हणून पन्हळीला ६५ घ्या म्हणतो. आपल्याकडे परतीचा पाऊस ऑक्टोबरात गडगडाट करतच येतो. वीज कडाडायला लागली की प्लग काढून ठेवायचा, नुसतं बटण बंद करून नाही.

एक मात्र आहे, खोक्यावरचा आकडा माळेचा असतो, जोडाचा नसतो. दोन माळा जोडल्या आणि वर काळी टेप गुंडाळली, तर पहिल्या पावसात पाणी टेपच्या आत जातं आणि आतच राहतं. जोड वळचणीच्या आत आणा, हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी) घाला किंवा पाणी न जाणारा छोटा बॉक्स बसवा. वायर खिडकीतून आत घेता तिथं बाहेरच्या बाजूला तिला वीतभर झोल द्या. पाणी वायरवरून ओघळत येतं, झोलाच्या तळाशी आलं की खाली ठिबकतं. झोल नसेल तर तेच पाणी वायर धरून आत सॉकेटपर्यंत जातं.

पाचगावकर
२८ सप्टेंबर, संध्याकाळी ६.४०

आमची गच्चीवरची शेड आहे, तिला पीव्हीसीची पन्हळ. मग करंटचा प्रश्न आम्हाला नाही ना? आणि मी १२ व्होल्टची एलईडी पट्टी चिकटवायचा विचार करतोय, माळेपेक्षा सरळ दिसते.

उद्यमनगरी
२८ सप्टेंबर, रात्री ८.००

पन्हळ प्लॅस्टिकची असली तरी तिला धरणाऱ्या पट्ट्या आणि शेडचा सांगाडा लोखंडीच आहे ना? मग काळजी तीच. पीव्हीसीची आणखी एक गोष्ट म्हणजे ती उन्हानं वाढते, गारठ्यानं आखडते. सहा मीटरच्या लांबीला वीस अंशांच्या फरकानं सात-आठ मिलिमीटर इकडंतिकडं होतं. ऑक्टोबरात दुपारचं ऊन आणि पहाटेचा गारवा यात तेवढा फरक सहज पडतो. माळ ताणून बांधली तर हुक सरकतात नाहीतर जोडातून वायर खेचली जाते. दर दोन हुकांमध्ये थोडी सैल सोडा.

पट्टी चिकटवू नका. मागचा गोंद धुळीच्या पीव्हीसीवर धरत नाही. पट्टीच हवी असेल तर अ‍ॅल्युमिनियमचं चॅनेल घ्या, त्यात पट्टी आणि चॅनेल हुकात.

बावड्याचा वायरमन
२८ सप्टेंबर, रात्री ९.१५

पट्टीचं अजून एक सांगतो. १२ व्होल्टची पट्टी पाच मीटरच्या रिळात येते. दोन रिळं एकामागं एक जोडून एका टोकानं सप्लाय दिला तर लांबचं टोक मंद दिसतं, पांढरा रंग पिवळट पडतो. पट्टीतली तांब्याची रेघ बारीक असते, तिच्यातच व्होल्ट खर्ची पडतात. दहा मीटर लावायची तर मधोमध सप्लाय द्या, दोन्हीकडे पाच-पाच मीटर. साध्या पट्टीला मीटरला ४.८ वॅट लागतात, दहा मीटरला ४८ वॅट म्हणजे १२ व्होल्टवर चार अँपिअर. अडॅप्टर पाच अँपिअरचा घ्या, काठोकाठ चार अँपिअरचा घेतला तर तो रात्रभर तापत राहतो.

जुना सुतार
२९ सप्टेंबर, सकाळी ६.५०

मंडळी, मी वेगळं मत मांडतो. पन्हळीला हातच लावू नये. कौलारू घराला वाशांच्या टोकांवर एक आडवी फळी ठोकलेली असते, पन्हळीच्या पट्ट्या तिलाच बसवतात. त्या फळीला खालच्या अंगानं पितळी आकडे फिरवून बसवा आणि त्यातून माळ न्या. लाकडाला भोक पडलं म्हणून गळत नाही, फळी बदलता येते. शिवाय दिवे पन्हळीच्या आडोशाला राहतात.

आणि कौलांवर कोणी चढू नये. पावसाळा संपता संपता कौलांवर शेवाळ असतं, वरून सुकलेलं दिसलं तरी पाय निसटतो. मंगलोरी कौल मधोमध पाय पडला की तडकतं, आणि तडकलेलं कौल खालून दिसत नाही, पुढच्या पावसात कळतं.

कौलारू
२९ सप्टेंबर, सकाळी ९.३०

सुतार काका, आमची फळी सागवानी आहे, पण तिच्यावर आजोबांच्या वेळची नक्षी आहे आणि खालची कड बऱ्याच ठिकाणी झिजलीये. तिला आकडे फिरवायला मन धजत नाही. हुकाचंच करतो.

शिडीचं कोणी सांगेल का? घरात अ‍ॅल्युमिनियमची घडीची शिडी आहे.

जुना सुतार
२९ सप्टेंबर, सकाळी १०.१०

नक्षीची फळी असेल तर तुमचंच बरोबर. तिला तेलपाणी करा, आकडे नकोत.

शिडी पन्हळीला कधीच टेकवू नये. माणूस वर चढला की सगळा भार त्या पातळ पत्र्यावर येतो, पन्हळ चेपते, पट्ट्या ओढल्या जातात आणि पन्हळीचा उतार बिघडतो. शिडी भिंतीला टेकवा, पन्हळीच्या खाली. बारा फुटांवर टेकणार असेल तर पाय भिंतीपासून तीन फूट बाहेर. खाली फरशी असेल तर पायाखाली गोणपाट घाला आणि एक माणूस धरायला हवाच. एका जागी उभं राहून हात पोचतील तेवढेच हुक घालायचे, मग उतरून शिडी सरकवायची. वाकून लांबचा हुक घालायला गेलं की घात होतो.

बावड्याचा वायरमन
२९ सप्टेंबर, दुपारी २.००

अ‍ॅल्युमिनियमची शिडी पेठेत नकोच. खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर बऱ्याच घरांना वळचणीजवळूनच आत शिरते, कितीतरी ठिकाणी पन्हळीपासून हातभरच. ती वर्षानुवर्षं उन्हात असते, इन्सुलेशन भेगाळलेलं असतं, आणि ती घरच्या मेन स्विचच्या आधीची असते. म्हणजे तुम्ही घरातलं सगळं बंद केलं तरी तिच्यात करंट असतोच. बांबूची किंवा फायबरची शिडी आणा, कोरडी. सर्व्हिस वायरच्या बाजूचे चार-पाच फूट मोकळे सोडा, तिथं माळ नेऊच नका. वायर पन्हळीला घासताना दिसली तर स्वतः बाजूला सारायची नाही, महावितरणला १९१२ वर कळवायचं.

राजारामपुरी आठवी गल्ली
२९ सप्टेंबर, रात्री ९.५०

सगळं वाचतेय, फार उपयोगी चाललंय. विजेच्या बिलाचं कोणी बोललं नाही म्हणून मी हिशेब केला. ११ ऑक्टोबर ते २४ नोव्हेंबर पंचेचाळीस दिवस, रोज संध्याकाळी पाच तास. अर्ध्या वॅटचे वीस एलईडी बल्ब लावले तर १० वॅट, सगळ्या काळाचे मिळून सव्वादोन युनिट. पूर्वी मंडळं लावायची तसे रंगीत झिरोचे बल्ब असतील तर ते नावालाच झिरो, एकेक १५ वॅटपर्यंत खातो. वीस बल्बांचे ३०० वॅट, साडेसदुसष्ट युनिट.

आणि कौलारू दादा, रंग विचारून घ्या. खोक्यावर ३००० के असेल तर उबदार पिवळसर, ६५०० के असेल तर निळसर पांढरा. लाल कौलं आणि सागवानाला पिवळसरच शोभतो. नवरात्रात अंबाबाईच्या देवळाकडून परत येताना पेठेतल्या एखाद्या माडीवर असे शांत पिवळे दिवे दिसतात तेव्हा पाय थबकतात. पांढऱ्या उघडझापीनं त्या घरांचं रूप जातं, असं मला मनापासून वाटतं.

कौलारू
५ ऑक्टोबर, रात्री ८.३०

मंडळी, माळ लागली! भोकं रिव्हेटनं बुजवली, न्यूट्रल सिलिकॉन दोन दुकानं फिरल्यावर मिळालं. हुक उद्यमनगरात एका वर्कशॉपमधून वाकवून घेतले. माळ २४ व्होल्टची, लोंबत्या बल्बांची. आरसीसीबी नव्हता, तो बसवून घेतला. हुक घालण्याआधी पन्हळ साफ केली, तर आतून बादलीभर कौलांचा चुरा आणि पिंपळाची दोन रोपं निघाली.

एक गोष्ट इथं कोणी सांगितली नव्हती म्हणून लिहितो. पन्हळीला पाइपाकडे उतार असतो. आमच्या पन्हळीला ३२ फुटांत दीड इंच निघाला. सगळे हुक एकाच मापाचे असते तर माळ रस्त्यावरून तिरकी दिसली असती. मग पारदर्शक नळीत पाणी भरून पाणसळ घेतली, भिंतीवर खडूनं रेघ मारली, आणि हुक त्या रेघेला धरून वेगवेगळ्या लांबीचे केले. उंच टोकाला लांब, पाइपाकडे येईल तसे आखूड. बल्ब सगळे तोंड खाली करून लोंबतात, होल्डरमध्ये पाणी साचत नाही. काल रात्री चांगली सर आली, माळ टिकली आणि भिंत कोरडी राहिली. आईनं अंगणात खुर्ची टाकून बराच वेळ बघितलं.

आता शेवटचं विचारतो. त्रिपुरारीनंतर हुक काढायचे की राहू द्यायचे?

उद्यमनगरी
५ ऑक्टोबर, रात्री ९.००

उताराचं फार छान केलंत. पुढच्या कामात मीही हुक तसेच देणार.

स्टीलचे हुक राहू देत, स्लीव्ह आहे, पत्र्याला त्रास नाही. वळवाच्या वाऱ्यात हलतील म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदा चिमटीनं दाबून घट्ट करा.

बावड्याचा वायरमन
५ ऑक्टोबर, रात्री ९.२५

माळ मात्र उतरवा. उन्हाळाभर वर राहिली तर वायर कडक होऊन तडे जातात आणि पुढच्या वर्षी वाकवताना आतली तार उघडी पडते. काढताना प्लगकडून सुरुवात करा, पुठ्ठ्यावर गुंडाळा, अडॅप्टर त्याच खोक्यात ठेवा, नाहीतर पुढच्या दिवाळीत १२ व्होल्टच्या माळेला चुकून २४ चा अडॅप्टर जोडला जातो. आणि उंदीर लागणार नाही अशा डब्यात ठेवा. कुरतडलेली माळ दिसली की टेप लावून वापरू नका, टाकून द्या.

पाचगावकर
५ ऑक्टोबर, रात्री १०.१०

कौलारू दादा, हुकाच्या वरच्या टोकाचा जवळून एक फोटो टाका ना. माझ्या पीव्हीसीची कड सपाट आहे, तिला तो आकार बसतो का बघतो.